धोंडुबाईच्या लेखातलं शेवटचं वाक्य

१

सृष्टी दुपारी एकला झोपायची आणि तीनला उठायची. मधले दोन तास मायाचे. भांडी मोरीत तशीच ठेवायची, पंखा एकवर करायचा आणि उंबऱ्याला टेकून मोबाइल घेऊन बसायचं, कारण रेंज तिथंच यायची. मग ती ज्ञानकोशातले लेख नीट करायची. इंटरनेटवरचा तो मोकळा ज्ञानकोश, कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा. मायासारखी शेकडो माणसं घरबसल्या तेच करत होती.

तिच्या सासूला, रंगूबाईंना, हे दीड वर्षात पटलं नव्हतं.

"तुझं नाव येतं व्हय गं त्यात?"

"नाही आत्या. नाव नसतं छापत."

"मंग कोण वळखतं तुला तितं?"

"कुणी नाही."

"मंग करतीस कशाला मरायला!"

कुणी ओळखत नाही, म्हणूनच करत होती. माया सातवी शिकलेली. माहेर खंडाळा तालुक्यातलं. आठवीची शाळा लांब आणि घरात धाकटी भावंडं, त्यामुळं जे राहिलं ते राहिलं. लग्न करून सांगलीत विश्रामबागला आली. नवरा मानसिंग फौजेत, राजस्थानात. शेजारच्या बायका कुणी बँकेत, कुणी कॉलेजात. त्यांच्यात बसलं की मायाच्या तळहाताला घाम यायचा. पण महिला दिनाला लायब्ररीत या कामाचं शिबिर झालं, तिथं कुणी शिक्षण विचारलंच नाही. नियम समजावले आणि म्हणाले, करा सुरू.

नियम मायानं पाठ केले. शिकलेली माणसं नियम वाकवतात, त्यांना खपून जातं. आपण वाकवला तर लगेच म्हणतील, सातवीच ना. सगळ्यात मोठा नियम एकच. जे लिहाल त्याला छापील आधार हवा, पुस्तक, कागद, पान क्रमांक. नसेल तर त्या वाक्यापुढं चौकटी कंसात खूण करतात, 'संदर्भ हवा'. आणि कुणीच आधार दिला नाही, तर वाक्य काढून टाकतात.

त्यांच्या गटाचे मोठे म्हणजे साताऱ्याचे लालासाहेब. कोर्टातल्या जुन्या कागदांत उभा जन्म घालवून रिटायर झालेले. गटात कऱ्हाडची एक नवी बाई होती. तिनं नाव घेतलं होतं 'शिवतेजची आई'. तिला काम मायानंच शिकवलं. आपल्याला कुणी 'मायाताई, हे कसं करू?' विचारतंय, याचं मायाला इतकं अप्रूप होतं की शिबिराच्या बाई बोलायच्या तसंच ती बोलायची. वाक्य काढताना कारण काय लिहायचं, तेसुद्धा तिनं शब्दाशब्दाला सांगितलं होतं.

आणि आपल्या ओळखीच्या पानावर मायानं एकच ओळ लिहिली होती. 'एका मुलीची आई.'

२

डिसेंबरात गटानं एक लेख हाती घेतला, 'धोंडुबाईचा खटला'. महिनाअखेर तो निवडक लेखांत जावा म्हणून लालासाहेबांनी प्रत्येकाला एकेक भाग वाटून दिला. मायाला शेवटचा आला.

खटला सव्वाशे वर्षांपूर्वीचा. शिराळ्याकडच्या एका वाडीत प्लेग शिरला. लोकांनी गाव सोडून रानात खोपी घातल्या. तिथं धोंडुबाई नावाच्या बाईची तीन वर्षांची मुलगी दिसेनाशी झाली. विहिरीत लाल कुंची सापडली. तीन दिवस मोटा लावून विहीर उपसली, पण मूल काही हाती लागलं नाही. त्या वेळी सांगली जिल्हा नव्हता, म्हणून खटला साताऱ्याला चालला. आईनंच मारलं असं ठरलं. जन्मठेप झाली, आणि आठ महिन्यांत बाई तुरुंगात मेली.

लेखाचं शेवटचं वाक्य असं होतं. 'धोंडुबाईची मुलगी मेली नव्हती. ती शेवटपर्यंत आईजवळच होती.' पुढं खूण, 'संदर्भ हवा'.

मायाला हसू आलं. आईजवळच होती, तर खटला कशाचा झाला?

तिनं लेखाचा इतिहास उघडला. कोणी कधी काय बदललं ते तिथं दिसतं. ते वाक्य दहा वेळा घातलं होतं आणि नऊ वेळा काढलं होतं. घालणारा एकच. त्यानं खातं उघडलं नव्हतं, त्यामुळं नावाच्या जागी नुसते आकडे यायचे. त्यांचा शेवट सात शून्य सातनं होत होता. काढणारे मात्र दर वेळी निराळे.

मायानं वाक्य निवडलं आणि पुसलं. कारण लिहिलं, 'नुसते आईचे म्हणणे. संदर्भ नाही. काढले.'

लालासाहेबांचा लगेच निरोप आला. 'शाब्बास. असंच काटेकोर काम पाहिजे.' माया हुरळून गेली. तिनं तो निरोप तीनदा वाचला.

मग चर्चेच्या पानावर नवी ओळ दिसली. वाद घालायचा असला की तिथं घालतात. तेच आकडे होते.

'तुमची मुलगी आहे, याला संदर्भ काय?'

याला कसं ठाऊक? मग तिलाच आठवलं, आपणच तर लिहिलंय ओळखीच्या पानावर. चिडलेलं माणूस ते वाचतं आणि बोचकारतं. तिनं मोबाइल पालथा ठेवला. आत सृष्टीनं कूस बदलली, पायातले वाळे वाजले. मायानं उगीचच उठून पाहिलं. पोरगी तोंड उघडं टाकून झोपली होती. गालावर गादीची शिवण उमटली होती.

३

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी बाराला बालवाडीतून सृष्टीला घेऊन आली. सृष्टी आपणहून सतरंजीवरून उठली, चपला उलट्या घातल्या, लाल लोकरी टोपी कानावर ओढली. माया तिला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आली तोच संयोगिता मॅडमनी हाक मारली.

"मायाताई, आज सृष्टीला का पाठवलं नाही? आज शेंगदाण्याचे लाडू होते."

माया हसली. "ही काय."

मॅडमनी मान हलवली. पण त्यांचं लक्ष मागं होतं, दोन पोरं एका बाहुलीवरून रडत होती. "उद्या पाठवा हं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

चाळीस पोरं सांभाळायची म्हणजे डोकं ठिकाणावर राहत नाही. माया हे स्वतःशी घरापर्यंत म्हणत आली.

"लाडू खाल्लास का गं?"

"मला न्हाई दिला. सगळ्यांना दिला."

"मागायचा ना."

"मागितला की. मॅडम बघतच न्हाईत."

४

चारला मानसिंगचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं वाळू आणि तंबू, इकडं माया उंबऱ्यात, मांडीवर सृष्टी.

"पोरगी कुठाय?"

"आवं, ही काय मांडीवर. दाखव गं टोपी पप्पांना."

सृष्टीनं टोपी काढून मोबाइलसमोर नाचवली. मानसिंग डोळे बारीक करून बघत राहिला.

"न्हाई दिसत. नेट लय खराब हाय. तू बी अडकत अडकत दिसतीस. उठली की लाव परत."

"जागीच आहे हो!"

"बरं बरं, झोपू दे," तो म्हणाला आणि फोन कटला.

संध्याकाळी दिवेलागणीला रंगूबाईंनी ताटं घेतली, दोनच. माया बघत राहिली. सृष्टी तिच्या जागेवर, भिंतीच्या कडेला, मांडी घालून बसली होती. भाताची वाट बघत टाचेनं फरशीवर ठोकत होती. वाळे छुम छुम वाजत होते. रंगूबाईंना गल्लीतलं मांजर चाललेलं ऐकू यायचं.

"आत्या, सृष्टीचं ताट?"

"येऊ दे की घरला. गरम वाढती." मग त्यांनी मायाकडं रोखून बघितलं. "व्हय गं, दुपारधरनं दिसंना पोरगी. कुणाकडं ठिवून आलीस?"

मायाच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी वाहत सृष्टीच्या पायापाशी गेलं आणि सृष्टी "आई गं, गार!" म्हणून किंचाळून उठली. रंगूबाई पाण्याकडं बघत म्हणाल्या, "फडकं आण, नुसती बघतीस काय."

मायानं सृष्टीला उचललं आणि सासूच्या तोंडासमोर धरलं. वीतभर अंतर. सृष्टीनं आजीचं नाक धरायला हात पुढं केला.

"आसं हात म्होरं करून का हुबी हाईस?" रंगूबाई मागं सरल्या. "माये, आंगात कणकण हाय का तुझ्या?"

म्हाताऱ्या माणसाची नजर, माया मनाशी म्हणाली. मोतीबिंदू असेल. मानसिंगचं नेट. मॅडमची घाई. तीन माणसं, तीन कारणं, आणि तिन्ही खरी वाटण्यासारखी. फक्त ती एकाच दिवशी आली होती.

मायानं आपल्या ताटातलं सृष्टीला भरवलं. सासू जेवायची थांबून बघत होती. हवेत घास धरणाऱ्या सुनेकडं बघावं, तशी.

५

दुसऱ्या दिवशी एकला माया उंबऱ्यात बसली. चर्चेच्या पानावर तो प्रश्न तसाच होता. तिनं उत्तर लिहिलं, 'माझी मुलगी आहे. साडेतीन वर्षांची. माझ्यासमोर झोपली आहे.'

पंखा कडकडत होता. मिनिटभरात खाली त्याच आकड्यांची ओळ आली.

'आईचे म्हणणे. ग्राह्य नाही.'

तिनं उठून फोटो काढला. गादी, उशी, लाल टोपी आणि टोपीत सृष्टीचा घामेजलेला गाल. चढवला.

'आईने काढलेले छायाचित्र. गादी, उशी व लाल टोपी दिसते. मूल दिसत नाही.'

माया फोटो घेऊन सासूकडं धावली. "आत्या, यात काय दिसतंय?"

"गादी." रंगूबाईंचा आवाज आता जपून बोलल्यासारखा होता. "माये, खरं सांग. पोरगी कुठाय? काल रातच्याला बी न्हवती. म्या मानसिंगला काय सांगू?"

माया उंबऱ्यात परत आली आणि जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. धोंडुबाईच्या लेखात ते वाक्य जसंच्या तसं परत घातलं. 'धोंडुबाईची मुलगी मेली नव्हती. ती शेवटपर्यंत आईजवळच होती.' जतन केलं. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. आत वाळे वाजले आणि रंगूबाईंची हाक आली, "कोण गं? सृष्टे, आलीस व्हय?"

आजीला ऐकू आलं होतं! माया हसत उठायला गेली, तेवढ्यात मोबाइल वाजला. शिवतेजच्या आईनं वाक्य काढलं होतं. कारण लिहिलं होतं, 'नुसते आईचे म्हणणे. संदर्भ नाही. काढले.' पुढं हसरा चेहरा. 'मायाताई, तुम्हीच शिकवलंत ना!'

"भास झाला," आतून रंगूबाई स्वतःशी म्हणाल्या.

मायानं लालासाहेबांना फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"काका, ते शेवटचं वाक्य ठेवू या की."

"आधार हाय का?"

"शोधायचाय."

"मग या इकडं. त्या निकालाची छापील प्रत हाय माझ्याकडं. सारा खटला पानोपान. कागदात सापडलं तर मीच घालीन वाक्य, कुणाची छाती हाय काढायची? पोरीला बी आणा. आमच्या परड्यात पेरू लागल्यात."

पोरीला बी आणा. तेवढ्या शब्दांवर मायाला रडू आलं.

६

सकाळी सासू दूध आणायला गेली तशी माया सृष्टीला घेऊन निघाली. सांगली स्टँडवर नाणं टाकून वजन करायचं यंत्र होतं. बस यायला वेळ होता. सृष्टी बारा किलोची, गेल्याच महिन्यात केलं होतं. माया एकटी अठ्ठेचाळीस. ती पोरीला घेऊन यंत्रावर चढली. दिवे फिरले, चिठ्ठी पडली.

अठ्ठेचाळीस.

यंत्र जुनंच होतं. काचेला तडा होता. सृष्टीच्या भारानं मायाचा खांदा खाली ओढला जात होता. ते काय खोटं होतं? तिनं चिठ्ठी चुरगळून टाकली. वळली तर कॉलनीतला तात्याबा पानाच्या गाडीपाशी उभा राहून तिच्याकडं बघत होता. मायानं पदर ओढला आणि बसमध्ये चढली.

सृष्टीला खिडकी हवी होती. पेठ नाक्याला एक दांडगी बाई चढली, पाटी घेऊन, आणि सरळ खिडकीच्या जागेकडं वळली. माया ओरडली, "आवं, पोरगी आहे तिथं!"

बाई थबकली. रिकाम्या जागेकडं बघितलं, मायाकडं बघितलं. मग काही न बोलता मागच्या बाकावर गेली. पुढच्या दोन माणसांनी माना वळवल्या. मायानं सृष्टीला मांडीवर ओढून घेतलं.

कऱ्हाडच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबला होता. बस तासभर जागची हलली नाही. खिडकीतून सृष्टीनं हात लांब करून उसाचं टिपरू पकडायला बघितलं.

"आई, मी लपलीय का?"

"का गं?"

"सगळे मला शोधत्यात. पण मी तर हितंच हाय."

मायानं तिचा मुका घेतला. गाल गरम होता, केसांना खोबरेल तेलाचा वास होता. एवढं सगळं होतं, आणि पुरावा म्हणून त्यातलं काहीच चालणार नव्हतं.

७

लालासाहेबांचं घर साताऱ्यात, शाहूपुरीत. म्हातारा स्वतः दार उघडायला आला. स्वेटर, कानटोपी, चष्मा दोरीला.

"या बाई, या. पोरीला न्हाई आणलं?"

मायाच्या कडेवर सृष्टी होती. मायानं तिला जरा वर सरकवलं. लालासाहेबांनी त्या वाकलेल्या हाताकडं बघितलं, मग मायाच्या तोंडाकडं, आणि सभ्य माणूस बघतो तशी नजर काढून घेतली.

"बसा. दमलाय तुमी."

चहाचे दोन कप आले. सृष्टी मायाच्या कानात म्हणाली, "ह्या आजोबांना पण मी दिसत न्हाय?" माया म्हणाली, "गप बस, बाळा." लालासाहेबांचा कप बशीवर किणकिणला.

त्यांनी पिवळी पडलेली जाड वही काढली. निकालाची छापील पानं टाचून बांधलेली. "एकशे अकरापासून बघा."

मायानं पान उघडलं. बोटानं ओळ धरून वाचायची तिची लहानपणची सवय.

'आरोपी कोर्टासमोर उभी असता डावा हात कमरेशी वाकवून धरून होती. मूल कोठे आहे असे विचारता, माझ्या कडेवर आहे, साहेबांना दिसत नाही काय, असे उत्तर दिले. कोर्टाने स्वतः पाहिले. कडेवर काही नव्हते. वाडीचे अकरा साक्षीदार तपासले. कोणासही मूल दिसले नाही. सबब आईचे म्हणणे एकटे राहते.'

मायाचा डावा हात कमरेशी वाकला होता. तिला तो सरळ करता येईना. केला तर सृष्टी पडेल.

"काका, हे चालेल की. तिनं कोर्टात सांगितलंय. छापलंय."

"ते आरोपीचं म्हणणं झालं." लालासाहेब कनवाळूपणे म्हणाले. "पुरावा न्हवं. तुमीच लिहिलं होतं की, नुसतं आईचं म्हणणं. मला लय आवडलं होतं ते."

मोबाइल वाजला. रंगूबाई. आवाज चिरकलेला.

"माये, पोरगी कुठाय? तात्याबानं बघितलं तुला स्टँडवर, एकलीच चढलीस म्हणतोय. घरात पोलीस बसल्यात."

"आत्या, माझ्याजवळ आहे. बोला तिच्याशी." तिनं फोन सृष्टीच्या कानाला लावला.

"आजी, मी पेरू खानार हाय," सृष्टी म्हणाली.

फोनमधून रंगूबाई म्हणाल्या, "माये? बोल की. गप का झालीस?" आणि हुंदका. "कॉलनीच्या मागल्या हिरीत तिची लाल टोपी घावली गं. मानसिंगला कळीवलंय. काय केलंस गं पोरीचं?"

लाल टोपी सृष्टीच्या डोक्यावर होती. तिचा गोंडा मायाच्या हनुवटीला टोचत होता.

तिनं फोन बंद केला. लालासाहेब खिडकीशी पाठ करून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. मायानं लेख उघडला. आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. वाक्य घातलं आणि पुढं खोटा संदर्भ दिला. 'निकालपत्र, पान ११४.' जतन.

सृष्टीनं आळस दिला. "आजोबा," ती म्हणाली.

लालासाहेब गर्रकन वळले. त्यांचे डोळे मायाच्या कडेवर थांबले. तोंड उघडलं. "आरं," ते पुटपुटले, "ही कवा..." त्यांनी चष्मा डोळ्याला लावला, आणि सृष्टी त्यांच्याकडं बघून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी परक्यानं तिला बघितलं होतं.

टेबलावरचा त्यांचा मोबाइल किणकिणला. कागद ताडून बघायची पन्नास वर्षांची सवय. त्यांनी स्क्रीन बघितली, मग वही पुढं ओढली. थुंकी लावून पान उलटलं. एकशे चौदा.

"काका, नका बघू," माया म्हणाली. "काका, पाया पडते. तिच्याकडं बघा. पानाकडं नका."

"एकशे चौदावर तर नुसता खर्चाचा तक्ता हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "खोटा संदर्भ, बाई? तुमी? शिकल्यासवरल्या?"

"मी सातवी आहे!" माया ओरडली. "सातवीच शिकलेय मी! मला काय कळतंय! राहू द्या ते!"

लालासाहेबांनी मान खाली घातली आणि वाक्य काढायला मोबाइलवर अंगठा दाबला.

काही वाजलं नाही. मायाच्या कमरेवरचा भार गेला, पाण्याची कळशी उतरवून ठेवावी तसा. खांदा आपोआप वर आला. हनुवटीपाशी गार वारा लागला. साडीवर, जिथं सृष्टीचं तोंड टेकलेलं असायचं तिथं, लाळेचा ओला डाग होता. तो तिच्या डोळ्यांदेखत वाळत गेला.

म्हातारा कुठंतरी फोन लावत होता. "व्हय, हितंच हाय. एकलीच. शाहूपुरीत. सावकाश या, गरीब बाई हाय."

माया भिंतीला टेकून खाली बसली. डावा हात तसाच वाकलेला. उजव्या हातानं तिनं मोबाइल घेतला आणि आपल्या खात्यातून बाहेर पडली, कारण खोट्या संदर्भानंतर त्या नावाचं कुणी ऐकणार नव्हतं. मग बिननावानं तेच वाक्य पुन्हा लिहिलं. ती शेवटपर्यंत आईजवळच होती. जतन केलं.

नावाच्या जागी आकडे उमटले. मायानं ते दोनदा वाचले. शेवटी सात शून्य सात.

तिनं दचकायला हवं होतं. पण तिला नुसतं दमल्यासारखं झालं.

फार वेळ लागला नाही. वाक्य गेलं. 'नुसते आईचे म्हणणे. संदर्भ नाही. काढले.' शिवतेजची आई. कऱ्हाडला, आपल्या उंबऱ्यात बसून, पोर झोपल्यावर मिळालेल्या दोन तासांत.

बाहेर जीप थांबली. लालासाहेब दाराकडं गेले.

मायाला त्या बाईचा आवाज माहीत होता. फोनवर कितीदा हसली होती ती. शिवतेज दोन वर्षांचा, दात उशिरा आले म्हणून तिला घोर लागला होता. मायानंच तिला सांगितलं होतं, येतील गं, काळजी करू नको.

तिनं चर्चेचं पान उघडलं. अंगठा थोडा वेळ अक्षरांवर थांबला, मग चालू लागला.

'तुमचा मुलगा आहे, याला संदर्भ काय?'